तळं विमानाला सोडत का नाही?

निपाणीजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. रिमोटवर उडणारं १.४ मीटर पंखाचं फोमचं हाय-विंग ट्रेनर (पंख वरच्या बाजूला असलेलं शिकाऊ मॉडेल विमान), वजन १२०० ग्रॅम, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी. दोन वर्षं माळावर चाकांवर उडवतात, हात बसलाय. गावाखाली पाझर तलाव आहे, म्हणून थर्मोकोलचे ६० सेंटिमीटर लांबीचे दोन फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी लावायचे तरंगते लांबट ठोकळे, घरीच करून बसवले. तळ पॉलिश पेपरने घासून अगदी गुळगुळीत आणि होडीसारखा गोल केला. आता फुल थ्रॉटल दिलं की विमान पाणी उडवत तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पळतं, खरं उठत नाही. "मोटर कमी पडते काय? की दुसरंच विमान घ्यावं?" शिवाय उन्हाळ्यात तळं आटलं की हेच विमान परत चाकांवर उडवायचं आहे.

दुसरं विमान घेऊ नका. मोटर थोडी कमी पडते, त्याचं पुढे सांगतो. पण खरा घोटाळा तुम्ही ज्या मेहनतीने तळ घासलाय त्या तळातच आहे.

स्वयंपाकघरातला एक चमचा घ्या, दांड्याला दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला लावा. वाटतं की धार चमच्याला ढकलेल. होतं उलटं, चमचा धारेत ओढला जातो. वाहतं पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं आणि वळताना त्या पृष्ठभागाला आपल्याकडे ओढतं. तुमच्या फ्लोटचा मागचा अर्धा भाग म्हणजे तो चमचा. पंख वर उचलतोय आणि फ्लोटची गोल शेपूट पाण्याला मिठी मारून बसलीय. वेग वाढवाल तशी मिठी घट्ट होणार. दुप्पट मोटर लावली तरी तुम्ही फक्त जास्त पाणी उडवाल.

तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिस यांची पहिली फ्लाइंग बोट (होडीसारख्या तळाचं, पाण्यावरून उडणारं विमान) १९१२ साली अशीच पाण्याला चिकटून बसली होती. पुढच्या बोटीच्या तळाला मध्येच एक पायरी दिली आणि ती त्याच वर्षी उडाली. तेव्हापासून आजपर्यंत पाण्यावरून उडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विमानाच्या तळाला ती पायरी असते. आपण तिला स्टेपच म्हणतो.

स्टेपचं काम दोन प्रकारचं. तळाला आडवी, धारदार कड मिळाली की पाणी तिथे तुटतं, मागे वळू शकत नाही आणि त्या खाचेत बाजूने हवा शिरते. म्हणजे वेगात असताना फ्लोट फक्त स्टेपच्या पुढच्या छोट्या पट्ट्यावर घसरत असतो, मागचा भाग कोरडा. आणि मागचा तळ वर चढत गेलेला असल्यामुळे विमानाला नाक उचलायला जागा मिळते. तुमच्या तळाला शेवटपर्यंत कुठेच पायरी नाही. तुम्ही एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) ओढला की फ्लोटची टाच पाण्यात रुतते आणि नाक काही वर येत नाही.

आता ही स्टेप कुठे द्यायची, यात बहुतेकांचं चुकतं. विमानाचा सीजी (गुरुत्वमध्य, विमान जिथे तोलून राहतं ती जागा) जिथे येतो त्याच्या खाली, नाहीतर जरासं मागे. तुमच्या मापाच्या विमानाला १० ते १५ मिलिमीटर मागे. स्टेप सीजीच्या पुढे गेली तर विमान मागच्या टाचेवर बसून राहील. फार मागे गेली तर एलेव्हेटर कितीही ओढा, नाक उठणार नाही. सीजी बॅटरी घालून आणि फ्लोट लावून मोजायचा. चाकांवर मोजलेला जुना आकडा इथे चालत नाही. मी स्वतः पहिल्या जोडीला हीच चूक केली होती. सीजी चाकांचा आणि स्टेप त्याच्या हिशोबाने. फ्लोट लावल्यावर सीजी सरकलाय हे लक्षात यायला मला तीन रविवार लागले.

फ्लोट नवीनच करा, ६० सेंटिमीटर तसेही कमी आहेत. नियम सोपा आहे: नाकापासून शेपटीपर्यंत विमानाची जी लांबी, त्याच्या ७५ ते ८० टक्के. तुमचं विमान मीटरभर असणार, म्हणजे फ्लोट ७८ सेंटिमीटर. रुंदी ७ सेंटिमीटर, सर्वात जाड जागी उंची साडेपाच. असे दोन फ्लोट मिळून सव्वातीन किलोपर्यंत वजन तरंगवतात. फ्लोटसकट तुमचं विमान दीड किलोच्या आसपास जाईल, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त तरंगशक्ती. मोठ्या विमानांनाही वजनाच्या किमान १८० टक्के तरंगशक्ती लागते, त्यामुळे हा काही उगाच घातलेला भरणा नाही. एका फ्लोटवर सगळा भार आला, वाऱ्याने पंख दाबला, तरी विमान कलंडू नये यासाठी ती असते.

फ्लोटचं टोक प्रॉपच्या, म्हणजे मोटरवरच्या पंख्याच्या, बरंच पुढे आलं पाहिजे. छोट्या फ्लोटने पाण्यावर नाक टेकून विमान पालथं पडतं ते यामुळेच. दोन फ्लोटमधलं अंतर पंखाच्या पाव, म्हणजे ३५ सेंटिमीटर. स्टेपची खोली १० ते १२ मिलिमीटर. तिच्या मागचा तळ शेवटपर्यंत पाच-सात अंशाने वर चढवा. तळ सपाट ठेवा, व्ही आकाराच्या नादी आत्ता लागू नका. आणि तळाच्या कडा गोल करू नका, म्हणजे अजिबात नाही. कड धारदार असेल तर पाणी बाजूला फेकलं जातं. गोल असेल तर ते वर चढतं आणि थेट प्रॉपवर येतं. घासायची हौस असेल तर फ्लोटचा माथा घासा.

बसवताना फ्लोटचा माथा आणि पंख यांत दोन-तीन अंशाचा फरक हवा, पंखाची पुढची कड वर. शेपटीचा आडवा पंख फ्लोटच्या माथ्याला समांतर. सुताराकडची पाणसळ घेऊन टेबलावर मांडा, डोळ्याने नको.

थर्मोकोलला चिकटवायला सायनो (झटपट चिकटणारा पातळ गोंद) किंवा फेव्हीबाँडसारखा सॉल्व्हंटचा गोंद लावू नका, थर्मोकोल खाऊन टाकतो. दोन भागांचा एपॉक्सी लावा. तळाला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी पुढून मागे, पदर मागच्या बाजूला येईल अशी. पुढच्या बाजूला पदर आला तर तिसऱ्या उड्डाणाला पाणी तो उचकटतं.

आता मोटर. फ्लोटमुळे वजन १२०० वरून १५०० ग्रॅम झालं की उठायला लागणारा वेग १२ टक्क्यांनी वाढतो. त्यात आपली हवा. निपाणी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, बेळगाव साडेसातशेच्या. ३२ अंश तापमानाला तुमच्याकडची हवा मानक हवेपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, म्हणजे उठण्याचा वेग अजून सहा-सात टक्के वर, आणि प्रॉपचा जोरही कमी. कोकणात कुणी तेच विमान सहज उठवलं म्हणून आपल्याकडे उठेलच असं नाही. दर किलोला २५० ते ३०० वॅट धरा. म्हणजे तुम्हाला चारेकशे वॅट हवेत. वॅटमीटर लावून बघा, ट्रेनरसोबत आलेली मोटर बहुधा अडीचशेच्या आत असेल. मोटर बदला आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी ५० अँपिअरचा घ्या, बॅटरी तीच चालेल. फक्त ती ४० अँपिअर सलग देऊ शकते का ते बघा. जुनी, फुगलेली बॅटरी पाण्यावर नेऊच नका.

पाण्याचा विरोध सर्वात जास्त असतो तो उठण्याच्या वेगाला नव्हे, त्याच्या अलीकडे, निम्म्या वेगाच्याही आधी. तिथे विमान नाक वर करून नांगरासारखं पाणी फाडत असतं. तो उंचवटा ओलांडला की फ्लोट वर येऊन स्टेपवर घसरायला लागतो आणि पुढचं काम सोपं होतं. जोर लागतो तो त्या दोन सेकंदांसाठी.

जमीन आणि पाणी दोन्ही, याचं उत्तर सोपं आहे. फ्लोटला चाकं लावून उभयचर करण्याच्या भानगडीत पडू नका. वजन वाढतं, चाकाची खाच पाणी ओढते आणि धड ना जमीन ना पाणी अशी गत होते. तुमच्या ट्रेनरला चाकांची तार जिथे खोबणीत बसते तीच खोबण फ्लोटच्या पुढच्या तारेला वापरा. मागच्या तारेसाठी पंखाच्या मागच्या कडेखाली प्लायची पट्टी आतून चिकटवून दुसरी खोबण करा. ३ किंवा ४ मिलिमीटरची पियानो वायर लागेल. बेळगावला येणं झालं तर उद्यमबागेतला कोणताही छोटा वर्कशॉपवाला दहा मिनिटांत वाकवून देतो, फक्त पुठ्ठ्याचा साचा कापून न्या. चार स्क्रू काढले की फ्लोट निघतात, चाकं बसतात. प्रत्येक बदलाला बॅटरी कुठे ठेवायची त्याच्या दोन खुणा आतून मार्करने करून ठेवा, एक "चाकं", एक "पाणी". हे केलं नाही तर एखाद्या दिवशी बॅटरी फ्लोटच्या जागी ठेवून चाकांवर उडवाल.

आणि हो, शेपटीखाली तळहाताएवढी जादा फिन (उभी पट्टी) लावा. फ्लोटची बाजू सीजीच्या पुढे बरीच असते, ती हवेत विमानाला शेपटी हलवायला लावते. चाकांवर ती फिन काढायची गरज नाही.

पुढे तळ्यावर. माळावर तुम्ही थ्रॉटल बंद केलं की विमान थांबतं. पाण्यावर थांबत नाही, वाहत जातं. ब्रेक नाही. ते वाऱ्यात आपोआप तोंड वळवतं आणि मग मागे मागे सरकतं. म्हणून तळ्यावर पोचल्यावर पहिलं काम वारा बघायचं: मोटर बंद पडली तर विमान कोणत्या काठाला लागेल? तो काठ मऊ गवताचा आणि चालत जाण्यासारखा असेल तरच उडवा. बांधाच्या दगडी पिचिंगला लागणार असेल तर जागा बदला. फ्लोट फुटायला एक लाट पुरते.

टॅक्सी करताना, म्हणजे पाण्यावर हळू चालवताना, तोंड वाऱ्याकडे असेल तर एलेव्हेटर पूर्ण वर. वाऱ्याच्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर. वारा मागून येत असेल तर एलेव्हेटर खाली आणि थ्रॉटल अगदी हळू. एका फ्लोटच्या मागे रडरला (शेपटीच्या उभ्या सुकाणूला) जोडलेलं छोटं पाण्याचं रडर हवंच, त्याशिवाय वाऱ्याकडे पाठ करून वळण घेताच येत नाही. आमच्यात एक जण त्याला "शोभेचं" म्हणायचा. दोनदा पोहत गेला, मग लावलं.

उठताना थ्रॉटल एकदम देऊ नका. दोन-तीन सेकंद घेऊन वाढवा. एकदम दिलं की मोटरच्या उलट्या पिळाने डावा फ्लोट दाबला जातो आणि विमान डावीकडे ओढतं. सुरुवातीला एलेव्हेटर वर. फ्लोट वर येऊन घसरायला लागला की, आणि हे माळावरच्या सवयीला उलटं वाटेल, एलेव्हेटर सोडून मधोमध आणायचा. ओढून धरलात तर टाच परत पाण्यात जाते. वेग येऊ द्या, मग हलकेच ओढा. घोड्यासारखं वर-खाली उसळायला लागलं तर थ्रॉटल बंद, दुसऱ्यांदा प्रयत्न. उसळत्या विमानाला एलेव्हेटरने सावरायला जाऊ नका, तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पडतो आणि प्रत्येक उसळी मोठी होते.

आरशासारखं शांत पाणी दिसायला सुंदर, उठायला वाईट. ते फ्लोटला धरून ठेवतं. नोव्हेंबरच्या सकाळी सातला आपल्याकडे असंच असतं. तेव्हा आधी विमान टॅक्सी करून तळ्यात एक गोल चक्कर मारा आणि स्वतःच केलेल्या लाटांवरून उठवा. नाहीतर आठ वाजेपर्यंत चहा घ्या, बारीक सुरकुती पडली की जा.

उतरणं सोपं, लोक उगाच घाबरतात. जमिनीपेक्षाही सोपं, कारण खड्डा नाही, दगड नाही, ऊसाचं बांडगं नाही. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल पूर्ण बंद न करता पावभर ठेवून, नाक किंचित वर, आणि तसंच पाण्यावर जाऊ द्यायचं. माळावर तुम्ही शेवटी ओढून स्टॉल करून बसवत असाल, म्हणजे वेग मारून खाली टेकवत असाल, इथे ते नको. पाणी टेकल्यावर विमान लगेच वेग गमावतं, म्हणून टेकल्या क्षणी एलेव्हेटर वर. शांत पाण्यावर उंची कळत नाही, तेव्हा मी विमानाकडे नाही, त्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे बघतो. दोघं एकमेकांकडे येतात, भेटले की टेकलं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, नादी लागू नका. नैर्ऋत्येचा वारा आणि गढूळ पाणी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळ, हाच आपला हंगाम. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि एप्रिल-मेमध्ये वळीव कधी येईल नेम नाही. आभाळ भरलं की खाली उतरवा, वळवाच्या आधीचा वारा फोमच्या विमानाला पुढच्या गावात नेतो. तोवर तळं आटून गाळाचा पट्टा उघडा पडलेला असतो. गाळपेर केली नसेल तर तोच तुमचा धावपट्टा, फक्त भेगांकडे बघा. बोटभर भेगेत चाक अडकलं की विमान उभंच्या उभं नाकावर. मी तिथे जाड, मऊ फोमची मोठी चाकं लावतो.

जागेबद्दल. हिडकल, राकसकोप यांसारख्या मोठ्या जलाशयांवर नको. राकसकोपचं पाणी बेळगाव पितं, आणि मोठ्या धरणांना बंदोबस्त असतो. तुमचा पाझर तलावच चांगला, ग्रामपंचायतीत आणि मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याला आधी विचारा. जाळी कुठे टाकलीत ते तोच सांगेल. जाळ्यात अडकलेलं विमान आणि फाटलेलं जाळं, यात भरपाई तुम्हीच देणार.

ड्रोन नियम २०२१ मध्ये आपल्या छंदाचाही समावेश आहे: २५ किलोच्या आतलं, छंद किंवा शिक्षणासाठीचं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं विमान म्हणजे 'मॉडेल', त्याला टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या नमुन्याची सरकारी मान्यता) लागत नाही. पण हवाई क्षेत्राची बंधनं लागू आहेतच. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्याबाहेर हिरव्या (आधी परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. तुम्ही सांबरा (बेळगाव) आणि उजळाईवाडी (कोल्हापूर) या दोन्ही विमानतळांपासून लांब आहात. बेळगावकरांनी मात्र डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नये; सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्रही आहे आणि शहरात लष्कराचे तळ. कारवारला समुद्रावर न्यायचा मोह होईल, तिथे नौदल आहे. शिवाय खारं पाणी मोटरचे बेअरिंग आणि सगळी जोडणी खाऊन टाकतं.

गोड पाण्यात ब्रशलेस मोटर बुडाली तरी मरत नाही, झटकून वाळवली की चालते. मरतात ते ईएससी आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा). रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधा, अँटेना मात्र विमानाच्या वरच्या भागात उभी ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. ईएससीच्या बोर्डवर विद्युत भागांसाठीचा संरक्षक लेप मिळतो तो द्या, हीट सिंक मोकळा ठेवा. सर्व्होच्या (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांड्यापाशी सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका.

विमान मध्येच बंद पडलं तर आणायचं कसं? पोहत नाही. हे मी ओरडून सांगतो, कारण पाझर तलावाच्या तळाशी गाळ आणि वेली असतात आणि गुडघाभर वाटणारं पाणी पुढच्या पावलाला गळ्याशी येतं. माझ्या ओळखीतला एक चांगला पोहणारा मुलगा वेलीत पाय अडकून कसाबसा बाहेर आला, हातात विमान घट्ट धरून. मासे धरायचा गळ आणि टेनिसचा बॉल घ्या, दोरीला बॉल बांधून विमानाच्या पलीकडे फेका आणि हळूहळू ओढा. दोरी फ्लोटला अडकते, विमान येतं. तीस-चाळीस मीटरपर्यंत हे छान जमतं. त्यापुढे वारा काठाला आणेल तोवर बसून राहा. कृष्णाकाठच्या एका गावात मी एकदा गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून विमान आणलं. पुरात तिथे लोक काहिलीतून ये-जा करतात, म्हणून मला वाटलं सोपं असेल. काहील वल्ह्याला दाद देत नाही, जागच्या जागी गिरक्या घेते. लाइफ जॅकेट नव्हतं. पुन्हा बसणार नाही.

नवे फ्लोट झाले की पहिल्या दिवशी उडवू नका. अर्धी बॅटरी घालून फक्त होडी चालवा: वळवा, वाऱ्यात थांबवा, थ्रॉटल वाढवून स्टेपवर आणा आणि परत कमी करा. स्टेपवर आल्यावर फ्लोटच्या मागच्या अर्ध्याखाली उजेड दिसला पाहिजे. तो दिसला तर दुसऱ्या दिवशी उठेल. नाही दिसला तर बाजूने, सीजीच्या खुणेसकट आणि शेजारी पट्टी धरून फोटो पाठवा, स्टेप कुठे सरकवायची ते सांगतो.